सरवा

जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात ‘डोनर’ असा एक शब्द नेहमी येतो. एखादी जुनी गाडी पूर्ववत करावयाची असेल, तर तिच्याच जातीची दुसरी गाडी विकत घ्यायची, ती सोडवायची आणि तिचे भाग पहिलीत बसवायचे. या दुसऱ्या गाडीस डोनर, म्हणजे दाता, म्हणतात. रक्तदान, नेत्रदान, देहदान हे शब्द आपल्या कानांवरून नित्य जातात आणि त्या प्रत्येकात देणाऱ्याची इच्छा गृहीत असते. लोखंडाला इच्छा नसते. शिवाय गाडी तर रोख पैसे मोजून घेतलेली असते. मग या व्यवहारात दाता कोण आणि दान कशाचे? हा प्रश्न २०१६ साली आम्हां भावंडांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना मोटारीच्या रचनेपेक्षा माणसांच्या देण्याघेण्याविषयीच आम्हांला अधिक शिकावयास मिळाले.

आमच्या वडिलांची फियाट १९६६ सालची. ‘डिलाइट’ या नावाने ती ओळखली जाई. १९७४ साली वडिलांनी ती जुनीच विकत घेतली, कारण नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या गावी त्या वेळी मोटारी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यामुळे ती गाडी नावाने वडिलांची असली तरी वापराने गावाची झाली. बाळंतिणीला इस्पितळात न्यायचे, नवरानवरीला चर्चमध्ये पोहोचवायचे, अपरात्री एखाद्या आजाऱ्याची घटका भरत आली की धर्मगुरूंना तैलाभ्यंगासाठी घेऊन यायचे, ही तिची कामे. याचे पैसे वडिलांनी कोणाकडून घेतले नाहीत. केळीचा घड, भाजीची टोपली मात्र ओटीवर येऊन पडे आणि तिला नाही म्हणण्याची रीत आमच्याकडे नव्हती.

१९९९ नंतर गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली. गोठ्यात गुरे उरली नव्हती, गाडी मात्र होती. वडिलांच्या पश्चात ती विकावी की दुरुस्त करावी, असा विचार निघाला तेव्हा विकण्याच्या बाजूने आमच्यापैकी एकानेही हात वर केला नाही. तथापि ताडपत्री काढल्यावर जे दिसले ते पाहून उत्साह मावळला. समुद्रावरचा खारा वारा लोखंडाला काय करतो, हे वसईकरास सांगावयास नको. तळाचा पत्रा पायाखाली कुरकुरत होता. दारांखालच्या पट्ट्यांत बोट सहज आत जाई.

येथे या गाडीच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मालमोटारीला खाली स्वतंत्र सांगाडा असतो आणि वर पेटी ठेवलेली असते. फियाट ११०० मध्ये असा वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचे कवच हेच सारे ओझे वाहते. म्हणून हिचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या कुजल्या, तर तो केवळ रंगरूपाचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. दारे लोंबू लागतात, बंद होताना खटकतात. वरून लांबी भरून आणि रंग मारून अशी गाडी देखणी करता येते, पण खड्ड्यात आदळली की ती दुमडते. आमच्या मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “इंजिन मी जिवंत करीन. पण हिला अंग पाहिजे. अंग दुसऱ्या गाडीचंच आणावं लागेल.”

दुसरी गाडी मिळणे शक्य होते याचे कारण या गाडीच्या इतिहासात आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इटलीतील फियाट कंपनीने १९५३ साली काढलेली ११०० ही गाडी पुढे येथे बनू लागली. तिच्या पहिल्या गोलसर रूपाला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे लाडके नाव दिले. १९६४ मध्ये डिलाइट आली. पुढे नाव बदलून ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नाव बदलले, नाकावरची जाळी बदलली, पण १०८९ घनसेंटिमीटरचे चार नळकांड्यांचे इंजिन आणि कवचाची मूळ घडण जवळजवळ तीच राहिली. चालू शतकाच्या आरंभी उत्पादन थांबेपर्यंत ती टिकली. अशा रीतीने १९६६ च्या गाडीला १९९६ ची गाडी अंग देऊ शकते. तीस वर्षांनी जन्मलेल्या धाकट्या बहिणीचे रक्त थोरलीला जुळावे, तसेच हे.

आणि पद्मिनी म्हटले की मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. २०१३ पासून मुंबईतील टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा लागू झाली होती. तिच्या आधी ती २५ वर्षांची होती. त्यामुळे आम्ही शोधास निघालो तेव्हा दर महिन्याला काही पद्मिनी रस्त्यावरून कायमच्या उतरत होत्या आणि त्यांतील कित्येक कुर्ल्याच्या भंगारबाजारात पोहोचत होत्या. ज्या कुर्ल्यात जन्मली त्याच कुर्ल्यात तोडली जाणे, हे या गाडीचे प्राक्तन ठरले. तेथे गाडी वजनावर जाते. सुमारे ९०० किलोचा तो देह गॅसच्या ज्योतीने कापला जातो आणि संध्याकाळपर्यंत बॉनेट एका ढिगावर, दारे दुसऱ्या ढिगावर पडतात. आम्ही चार-पाच वेळा तेथे गेलो. कापलेला तळ आमच्या उपयोगाचा नव्हता. तो अखंड, वितळजोडाचा एकेक ठिपका पोखरून सोडवलेला हवा होता. तेव्हा गाडी बाजारात जाण्यापूर्वीच गाठणे भाग होते.

ती अखेर मिळाली एका चालक-मालकाकडे. गृहस्थ जुन्नरकडचे, साठीला आलेले. १९९६ साली त्यांनी ती नवी घेतली होती. त्यांच्या दोन मुली तिच्यावर शिकल्या, गावाकडचे घर तिच्यावर उभे राहिले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. गाडी त्यांनी स्वतः चालवून दाखविली आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती उत्तम चालत होती. दर पावसाळ्यापूर्वी तळाला काळा लेप देण्याचा नेम त्यांनी २० वर्षे पाळला होता आणि त्यामुळे पत्रा ठणठणीत होता. फक्त चालकाच्या बाजूला, जेथे टाच टेकते तेथे, घासून घासून भोक पडले होते आणि त्यावर त्यांनी पत्र्याचा एक तुकडा जोडून घेतला होता. “गाडी मेली नाही,” काका म्हणाले, “कागद मेला.”

घरी आल्यावर आमच्या थोरल्या बहिणीने विचारले, “जी चालते ती तोडायची आणि जी चालत नाही ती चालवायची, हा कुठला न्याय?”

या प्रश्नाने त्या रात्री आम्हांला झोप लागू दिली नाही. वयोमर्यादेमागे कारण होते, हे आम्हांला मान्य होते. मुंबईची हवा आणि प्रवाशाची सुरक्षितता या क्षुल्लक बाबी नव्हेत. आम्ही घेतली नाही म्हणून ती गाडी वाचणार नव्हती, हेही खरे होते. तरीही एक विषमता नजरेआड करता येत नव्हती. श्रम करून पोट भरणाऱ्याची गाडी विसाव्या वर्षी निकाली निघते आणि गोठ्यात स्वस्थ उभी राहिलेली पन्नाशीची गाडी केवळ स्मृतीच्या बळावर जगते. एका घराच्या आठवणी जपण्यासाठी दुसऱ्या घराचे साधन सुटे होणार होते. मरण टाळणे आमच्या हाती नव्हते. त्या मरणाची किंमत काय धरायची आणि त्यानंतर काय करायचे, एवढे मात्र आमच्या हाती होते.

प्रथम किंमत. भंगारवाल्याने काकांना वजनावर आकडा सांगितला होता आणि आम्ही त्यापेक्षा दोन हजार अधिक दिले असते, तर ते आनंदाने तयार झाले असते. परंतु आम्हांला ठाऊक होते ते त्यांना ठाऊक नव्हते. उत्पादन थांबलेल्या गाडीचा अखंड तळ, नेमक्या वळणाची पुढची काच, सुकाणूच्या दांड्यावरील गिअरचे न झिजलेले सांधे यांची किंमत लोखंडाच्या भावाने होत नाही. ज्याला हवे त्याच्या लेखी ती कितीतरी अधिक असते. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिया’ या ग्रंथात नेमका हा विषय हाताळला आहे. वस्तूचे मोल आहे त्याहून कमी देऊन ती घेणे हा त्यांच्या मते अन्याय आहे. वस्तू देताना विकणाऱ्याचे काही विशेष नुकसान होत असेल, तर न्याय्य किमतीत तेही धरावे. घेणाऱ्याच्या विशेष गरजेवर विकणाऱ्याने किंमत चढवू नये. मात्र ज्याला त्या वस्तूपासून मोठा लाभ होतो त्याने आपण होऊन काही अधिक दिले, तर तो त्याच्या सचोटीचा भाग होय, असेही ते सांगतात. सातशे वर्षांपूर्वीच्या या विवेचनात आमच्या सौद्याची सारी बाजू येऊन गेली होती. आम्ही काकांपुढे कागद ठेवला आणि कोणता भाग बाजारात साधारण किती किमतीला जातो ते मांडून दाखविले. ठरलेली रक्कम वजनाच्या भावाच्या दुपटीहून थोडी अधिक झाली. काकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “इतकी वर्षे मीटर मी टाकत होतो. आज तुम्ही टाकलात.”

त्यानंतर कागदपत्रे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपत्र परत करावे लागते. गाडीवर कोरलेल्या क्रमांकाचा पत्रा कापून द्यावा लागला. तो कापला जात असताना काका बाजूला जाऊन उभे राहिले. हे सोपस्कार पुरे होणे त्यांना आमच्याहून अधिक निकडीचे होते, कारण त्यांच्या परवान्यावर नवी गाडी यावयाची होती. वाचकांपैकी कोणी या वाटेला जाणार असेल, तर त्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. भाग एका गाडीतून दुसरीत जाऊ शकतात, ओळख जाऊ शकत नाही. दात्याचा क्रमांक घेणाऱ्याच्या अंगावर कधीही चढता कामा नये. आमच्या गाडीचे इंजिनही आम्ही तिचेच ठेवले. नळकांडी रुंदावून, नवे दट्टे बसवून मिस्त्रींनी आपला शब्द खरा केला.

वायूची टाकी, मीटर आणि समोरच्या फळीवरील देवाची तसबीर काकांनी काढून घेतली आणि गाडी वसईस आली. तिला हात लावण्यापूर्वी आम्ही तीन दिवस केवळ छायाचित्रे काढली आणि चिठ्ठ्या बांधल्या. आमची स्वतःची गाडी अनेक हातांतून गेली होती. कोणती तार कोठून जाते, कोणता खिळा किती लांबीचा, हे तिच्यावरून कळत नव्हते. टॅक्सी मात्र संपूर्ण होती. दाता-गाडी म्हणजे भागांचे कोठार, अशी आमची समजूत होती, परंतु तिचे पहिले देणे ज्ञानाचे असते, हे त्या तीन दिवसांत उमगले. नंतर तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या सोडवल्या. थोरल्या गाडीला आतून आडवे-तिरपे टेकू देऊन कुजलेला भाग काढला. जोडकाम करताना दारे पुनःपुन्हा टांगून फटी तपासल्या. मागचा आस, पुढची काच, दारांची कुलुपे, काचा वर-खाली करण्याची यंत्रे आणि गिअरचे सांधे घेतले. ब्रेकच्या नळ्या, वॉशर, रबराचा एकही तुकडा मात्र जुना घेतला नाही. ज्यावर प्रवाशाचा जीव अवलंबून असतो आणि जे वयाने विटते, ते नवेच असावे.

टाचेपाशी जोडलेला तुकडा आला तेव्हा मिस्त्रींनी तो कापून सपाट करण्याविषयी विचारले. आम्ही तो तसाच राहू दिला. आज वडिलांच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाची टाच काकांच्या टाचेच्या खळग्यात विसावते.

आम्ही वसईकर, त्यामुळे या सर्व काळात आमच्या मनात घंटा वाजत होत्या. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि येथील चर्चच्या घंटा मराठी मुलखात गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही पाहावयास मिळतात. लहानपणी या घंटांची हकिकत ऐकली की आम्हांला राग येई. मोठेपणी मेणवलीच्या घाटावर ती घंटा पाहिली तेव्हा राग ओसरला आणि वाटले, वितळवून तोफा ओतण्याऐवजी त्यांनी ती वाजती ठेवली. तरीही तिला कोणी ‘दान’ म्हणणार नाही, ती विजयाची खूण होती. एका देहाचा भाग दुसऱ्यात जाऊन जिवंत राहतो एवढ्याने तो व्यवहार पवित्र होत नाही. तो भाग कसा आला हे विचारावेच लागते. लूट, विक्री आणि दान यांच्या सीमा वस्तूवर लिहिलेल्या नसतात. घेणाऱ्याच्या वागण्यात त्या असतात.

आमची गरज भागल्यावर टॅक्सीचा निम्म्याहून अधिक देह उरला होता. भंगारात घातला असता तर खर्चाचा काही भाग सुटला असता. परंतु शेती करणाऱ्या घराला ‘सरवा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कापणी झाल्यावर खाचरात जी कणसे पडून राहतात ती गरिबांनी वेचावीत, अशी आपल्याकडची चाल. मोशेच्या नियमशास्त्रातही शेताचे कोनेकोपरे कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा, अशी आज्ञा आहे. रूथ ज्या शेतात सरवा वेचावयास गेली त्या शेताच्या धन्याने, बवाजाने, तर पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाकण्यास गड्यांना सांगितले. विकत घेतलेले शेत आपले असते, पण त्याचा कोपरा आपला नसतो. गाडीचेही तसेच धरावे, असे आम्ही ठरविले आणि एक वही घातली.

त्या वहीत पहिली नोंद गिअरबॉक्स आणि स्टार्टर यांची आहे. काकांच्या ओळखीचे एक टॅक्सीवाले ते घेऊन गेले. त्यांच्या पद्मिनीची मुदत तीन वर्षे उरली होती आणि तेवढ्यासाठी नवा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. त्यांच्याकडून आम्ही काही घेतले नाही. टॅक्सीचे हृदय म्हणा, बाहू म्हणा, २०१९ पर्यंत पुन्हा मुंबईच्या रस्त्यावर राबत राहिले, हे आमच्या बहिणीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर नव्हे, परंतु अर्धे तरी होते. मागचे उजवे दार नालासोपाऱ्याच्या एका शिक्षकांकडे गेले, वायपरची मोटर पनवेलला गेली. ऐपत असलेल्यांकडून आम्ही खर्चाच्या प्रमाणात पैसे घेतले. टपावरील कॅरिअर शेजाऱ्यांच्या वाडीत तोंडलीच्या मांडवाला लागले, त्याची नोंदही वहीत आहे.

२०२१ च्या जुलैत केंद्र शासनाने ५० वर्षांवरील खाजगी गाड्यांसाठी ‘विंटेज’ म्हणून वेगळे नियम केले. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या अशा गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते, पण नित्याच्या वापराची त्यांना मनाई आहे. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती एवढ्यापुरतेच त्यांनी रस्त्यावर यावे. आमची गाडी वयाने या मानास पात्र होती. आम्ही आपसांत विचार केला आणि साधी नोंदणीच पुढे चालू ठेवली. गावच्या वापरात राहिलेल्या गाडीला केवळ पाहण्याची वस्तू करणे वडिलांना रुचले नसते, आणि काकांनाही नाही. त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामात एका आजीबाईंना दर रविवारी मिस्सेला नेण्याचे काम तिच्याकडे आले होते.

पुढे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी, जिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात झाली होती, तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांतून हळहळीचे लेख आले. काका त्या दिवसांत आमच्याकडे आले होते. त्यांनी गाडीचे दार उघडले, पायाखालचे जाजम दूर सारले आणि तो तुकडा पाहिला. मग बसले, पण गाडी सुरू केली नाही. “तुमच्याकडे मीटर नाही,” एवढेच म्हणाले. दाता कोण, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्यापुढे बसले होते. त्यांना आम्ही पैसे मोजले होते हे खरे, आणि त्यांनी आम्हांला दिले होते हेही तितकेच खरे. २० पावसाळे तळाला लेप देणारा हात कोणत्याही पावतीवर येत नाही.

गोठ्यात अद्याप मागची एक काच, डावीकडची दोन दारे, एक मडगार्ड, पुढच्या दोन स्प्रिंगा आणि किरकोळ सामानाचे दोन डबे शिल्लक आहेत. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी यावे. अट एकच. उद्या तुमचीही गाडी मोडावी लागली, तर तिचा कोपरा कापू नका.